विश्लेषण : न दिसणारी वाफ सिलिकाच्या छिद्रांत अडकेल?

दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारीत वाटाडे एक गोष्ट हमखास सांगतात. शत्रू भुयारात शिरला की आग पेटवून धूर आत कोंडला जाई. तो धूर निदान डोळ्यांना झोंबत होता. इथून फार दूर नसलेल्या वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींत रंगकाम, छपाई, औषधनिर्मितीसाठी लागणाऱ्या द्रावकांची वाफ मात्र दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्याचा हिशेब मागायची सवय आपल्याला नाही.

ही वाफ घातक का?

टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन ही द्रावके साध्या तापमानालाच उडतात. अशा वाफांची उन्हात नायट्रोजन ऑक्साइडशी प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो फुप्फुसांना अपायकारक असतो. बेन्झीन तर कर्करोगकारक. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेन्झीनची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. टोल्युइन, झायलीन मात्र त्या १२ प्रदूषकांच्या यादीत नाहीत.

सिलिका काय करते?

बुटांच्या खोक्यातील पुडीतले मणी म्हणजे सिलिका जेल. त्यातील छिद्रे लहानमोठी असतात. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी एकसारख्या छिद्रांची ‘एमसीएम-४१’ ही सिलिका जगापुढे आणली. तिच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे चिमूटभर भुकटीत जवळपास १० गुंठे! वाफेचे रेणू या भिंतींना चिकटतात, तापवले की सुटतात. द्रावक परत मिळते, सिलिकाही पुन्हा वापरता येते. सक्रिय कोळसा स्वस्त आहे, पण कीटोन वर्गातील द्रावके शोषताना तो पेट घेऊ शकतो. सिलिका जळत नाही.

अडचण कुठे?

सिलिका पाणी ओढते. पावसाळ्यात छिद्रे आधी ओलाव्यानेच भरतात. म्हणून तिच्या पृष्ठभागावर पाणी झटकणारे मिथाइल गट बसवतात किंवा भरपूर सिलिका असलेला झिओलाइट वापरतात. मोठ्या रंगशाळांत झिओलाइटची फिरती चाके वापरली जातात. दुसरी अडचण किमतीची. भाताच्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. भंडारा-गोंदियातील राइस मिलची राख त्यासाठी कच्चा माल ठरू शकते.

मग करायचे काय?

छत्रपती संभाजीनगर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आहे. पण त्याचा भर धूलिकणांवर. रस्ते झाडून वाफ जात नाही. आधी औद्योगिक वसाहतींत वाफेचे नियमित मोजमाप व्हावे आणि आकडे लोकांसमोर यावेत. मोठ्या कारखान्यांना वाफ अडवणे बंधनकारक करावे. लहान वर्कशॉपसाठी सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्राचा धडा गिरवता येईल. भरलेली सिलिका गोळा करायची, एकाच ठिकाणी तापवून द्रावक काढायचे आणि सिलिका परत द्यायची.

खर्च परवडत नाही, ही लघुउद्योजकांची तक्रार खोटी नाही. परत मिळालेल्या द्रावकातून तो दरवेळी भरून निघेलच असेही नाही. पण तो खर्च आजही कुणीतरी भरतोच आहे. रंगाच्या फवाऱ्यासमोर आठ तास उभा राहणारा कामगार तो आपल्या छातीतून भरतो.