सुईण की रुग्णालय? दोन्ही एकाच छताखाली

सिझेरियनच्या भीतीने काही कुटुंबे घरी प्रसूतीचा विचार करतात. भीती अनाठायी नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. पण प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव सांगून येत नाही. बदलापूर-अंबरनाथहून भर पावसात रुग्णालय गाठण्यातला उशीर जिवावर बेतू शकतो.

म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१८ च्या मिडवाइफरी धोरणात १८ महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका रुग्णालयातच नैसर्गिक प्रसूती करतात. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन आणि रक्त मोफत आहे.

नाव नोंदवतानाच विचारा: कळांच्या वेळी चालता येईल का? सोबत कुणी थांबू शकेल का? रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल का?