गणिताच्या तासाचे इंग्रजी

जालना जिल्ह्यातल्या सेमी इंग्रजी वर्गांना परदेशातून काय पाठवावे, असा विषय निघाला की ठरलेली उत्तरे येतात: गोष्टींची इंग्रजी पुस्तके, टॅब, सुट्टीतला स्पोकन इंग्लिशचा वर्ग. माझ्या मते मदत हवी आहे ती गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या सर-मॅडमना, आणि तीही त्यांच्याच विषयातल्या इंग्रजीची. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासूनच आहे. सेमीची गोष्ट वेगळी. शाळा मराठी, शिक्षकाचे डी.एड. मराठीतून, मुलाच्या घरी मराठी, बंजारा तांड्यावर गोरमाटी, आणि गणित-विज्ञान मात्र इंग्रजीतून. म्हणजे हा वर्ग घेणारा शिक्षक आपोआप भाषाशिक्षकही झाला. त्याला तसे कोणी सांगितले नाही, एवढेच.

अडते कुठे ते पाहा. '15 मधून 8 वजा करा' या वाक्यात आकडे ज्या क्रमाने मांडायचे, त्याच क्रमाने कानावर पडतात. 'सबट्रॅक्ट एट फ्रॉम फिफ्टीन' म्हटले की 8 आधी येतो. वजाबाकी चोख येणारे पोरही 8 वर आणि 15 खाली मांडते, आणि शिक्षक वजाबाकीच पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतात. 'राइट' म्हणजे उजवा असे पाठ केलेल्या मुलाला 'राइट अँगल' ऐकून डावा कोनही शोधावासा वाटला, तर त्यात त्याची काय चूक? हे इंग्रजीच्या तासाला शिकवले जात नाही, कारण तिथे धडे-कविता असतात. गणिताच्या तासालाही नाही, कारण तिथे गणित उरकायचे असते. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक 1979 मध्ये मांडला. पहिली दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांच्या पुढच्या कामातून दिसले. आणि त्यांनी अभ्यासलेली मुले चहूकडे इंग्रजी असलेल्या देशातली होती. जालन्यातल्या मंठ्यात किंवा घनसावंगीत तास संपला की इंग्रजीही संपते.

मग सेमी बंदच करा, असे काही जण म्हणतील. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कलही, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत, घरच्या भाषेकडे आहे. तत्त्व म्हणून मला ते पटते. पण सेमी काढले की पोरे खासगी शाळेच्या बसमध्ये बसतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरतो. इंग्रजी मागणाऱ्या पालकाला शहाणपण शिकवण्याचा अधिकार परदेशात बसलेल्या आपल्याला तर मुळीच नाही. दुसरा आक्षेप असा की वर्गात मराठी बोलले तर इंग्रजी कधी येणार? कल्पना मराठीत समजवावी, मग तेच वाक्य इंग्रजीत फळ्यावर लिहून मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे, यात इंग्रजी कमी होत नाही. नुसती घोकंपट्टी कमी होते. तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे दोघांत पाच इयत्ता, शिवाय जनगणना आणि निवडणुका. म्हणून नवे पाच दिवसांचे प्रशिक्षण नकोच. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होतेच; तिथे अर्धा तास एकच धडा घ्यावा, त्यातली मुले अडखळतील अशी दहा वाक्ये काढावीत आणि ती कशी फोडायची ते शिक्षकांनीच आपसांत ठरवावे.

अमेरिकेतल्या वाचकांना यात नवे काही वाटू नये. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात, लाउ विरुद्ध निकोल्समध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्येच सांगितले की भाषा न कळणाऱ्या मुलाला सगळ्यांसारखेच पुस्तक आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समान वागणूक झाली असे नाही. आपली मुले नवखी असताना शाळेकडून आपण हीच अपेक्षा धरतो. तेव्हा यंदा गावच्या शाळेला देणगी पाठवताना टॅब किती हवेत हे विचारण्याआधी गणिताच्या सरांना एवढेच विचारा: कोणत्या वाक्याला वर्ग अडतो?