दुर्गलंभ

गेल्या सुटीत एके दुपारी आमचा नातू संगणकापुढे हिरमुसला होऊन बसलेला आम्ही पाहिला. कारण विचारता म्हणाला, "आजोबा, किती खेळ्या झाल्या, पण हे शहर काही पडत नाही." आम्ही चष्मा पुसला आणि खुर्ची जवळ ओढली. घरातील वडील मंडळींस हे खेळ म्हणजे डोळ्यांचा आणि वेळेचा नाश वाटतो. आमचेही मत त्या दिवसापर्यंत निराळे नव्हते. परंतु तासाभराने आम्हीच त्यास "अरे, आता तुझी पाळी" म्हणून घाई करू लागलो, हे प्रांजळपणे कबूल करणे प्राप्त आहे.

खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन'. अमेरिकेतील सिड मायर व त्यांचे सहकारी यांनी तो प्रथम १९९१ साली काढला. नातू खेळत होता ती २०१६ ची सहावी आवृत्ती. बुद्धिबळाप्रमाणे यातही पाळीपाळीने खेळावयाचे असते, म्हणजे हाताच्या चपळाईपेक्षा विचारास मान अधिक. पट षट्कोनी घरांचा. शहरास तट असला म्हणजे ते आपल्या पाळीस आपल्यावर मारा करते, आणि वेढा पुरा नसेल तर दर पाळीस आपली झीज थोडीथोडी भरून काढते.

नातवाची चूक आमच्या लवकरच ध्यानात आली. त्याने दगड फेकणारी यंत्रे एकामागून एक एकाच वाटेने पुढे धाडली होती. यंत्र जागचे हलले की सामान्यतः त्या पाळीत त्यास मारा करता येत नाही; शहरास मात्र येतो. यंत्रांपुढे ढालाईत पायदळ नव्हते आणि शहराच्या मागील बाजू सताड उघड्या होत्या. चार यंत्रे मोडली, तरी शहर जेथल्या तेथे.

आम्ही म्हटले, "बाळ, तू पाचांपैकी एकच उपाय केलास, आणि तोही शेवटचा." कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे तेरावे अधिकरण 'दुर्गलंभोपाय' या नावाचे आहे. शत्रूचे नगर घेण्याचे पाच उपाय त्यात सांगितले आहेत. उपजाप म्हणजे आतील माणसे फोडणे. वामन म्हणजे शत्रूस युक्तीने बाहेर काढणे. अपसर्प म्हणजे हेर पेरणे. पर्युपासन म्हणजे वेढा. आणि अवमर्द म्हणजे प्रत्यक्ष हल्ला. हल्ल्याचे नाव अखेरीस येते, हे काही उगाच नव्हे. गमतीची गोष्ट अशी की, या खेळात चंद्रगुप्त मौर्य हाही एक राजा आहे आणि त्याच्या विशेष गुणास 'अर्थशास्त्र' हेच नाव दिलेले आहे. नातवास ते ठाऊक होते. ग्रंथ मात्र ठाऊक नव्हता.

पुस्तकातील गोष्ट मुलांस पटावयाची तर डोळ्यांसमोरचे उदाहरण हवे, आणि नाशिककरांस ते दूर शोधावे लागत नाही. आमच्या गावाच्या उत्तरेस दिंडोरी तालुक्यात रामशेज उभा आहे. किल्ला फार उंच नाही. पाहणाऱ्यास वाटावे, हा दोन दिवसांत पडेल. १६८२ साली औरंगजेबाच्या आज्ञेने शहाबुद्दीनखानाने त्यास वेढा घातला. त्याने लाकडाचा प्रचंड दमदमा उभारून त्यावरून मारा केला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्या कातड्याने मढविल्या, असे मोगलांकडील इतिहासकार खाफीखान लिहितो. पुढे आलेल्या बहादूरखानाने एका बाजूस हल्ल्याचा गलबला करून दुसरीकडून निवडक माणसे गुपचूप वर चढविण्याचा बेत केला. परंतु किल्लेदार दोन्ही बाजूंस सावध होता. पाचएक वर्षे गड झुंजला. शेवटी तो गेला, तो किल्लेदार बदलल्यानंतर आणि द्रव्याच्या जोरावर, असे सांगतात. म्हणजे अवमर्द हरला, पर्युपासन थकले, आणि उपजापाने काम केले.

दुसरे उदाहरण मालेगावचे. नारोशंकरांनी बांधलेल्या तेथील भुईकोटात १८१८ साली अरब शिबंदी होती. इंग्रजांनी मे महिन्यात वेढा घातला. महिनाअखेरचा त्यांचा हल्ला फसला आणि माणसे व्यर्थ गेली. मग त्यांनी नवी कुमक व जड तोफा आणविल्या. जून महिन्यात गोळा पडून आतील दारूचे कोठार उडाले, तट ढासळला आणि शिबंदी शरण आली. घाईने जे झाले नाही, ते पुऱ्या तयारीने झाले.

ही दोन्ही उदाहरणे ऐकून नातवाने डाव नव्याने मांडला. आधी हल्ला थांबवून त्याने सैन्य मागे घेतले. मग पायदळाची पथके शहराच्या दोन्ही अंगांस नेऊन बसविली. सहाही घरे अडविण्याची गरज नसते. पायदळाचा दाब शेजारच्या घरांवरही पडतो, त्यामुळे नेमक्या जागी बसलेली दोन-तीन पथकेही पुरतात. वेढा पुरा होताच शहराची झीज भरून निघणे थांबले. यंत्रे ढालाइतांच्या आड, दोन घरांच्या अंतरावर राहिली. तट तोडण्याचे काम यंत्रांचे. धनुर्धरांचे बाण तटावर फारसे चालत नाहीत. आणि शहरात पाऊल टाकणे हे हातघाईच्या पथकाचेच काम, म्हणून एक ताजे पथक त्याने अखेरपर्यंत राखून ठेवले. आठव्या पाळीस शहर पडले. पोराने टाळी वाजविली. खरे सांगावयाचे तर आम्हीही वाजविली.

इतक्यात पडद्यावर प्रश्न उमटला : शहर ठेवावयाचे की बेचिराख करावयाचे? नातवाचे बोट बेचिराख करण्याकडे वळले. "लांबचे शहर आहे आजोबा, सांभाळत कोण बसणार? नाहीतरी ते बंड करतील." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. २०१८ च्या पुरवणीपासून या खेळात निष्ठेचा हिशेब आला आहे. जिंकलेले शहर आपल्या मुलखापासून दूर असले तर पुढे उलटते.

आम्ही त्याचा हात धरला. कौटिल्य काही साधुपुरुष नव्हता. विष, आग, कपट सारे त्याने लिहून ठेवले आहे. तरी तोच बजावतो की, पराक्रमाने काम होत असेल तर आग लावू नये. अग्नीचा भरवसा नाही, तो असंख्य जीव, धान्य आणि धन जाळतो, आणि ओसाड राज्य मिळूनही हानीच. शस्त्र टाकलेल्यास, भ्यालेल्यास आणि न लढणाऱ्यास अभय द्यावे, असेही तो सांगतो. नगर मिळाल्यावर काय करावे, यास त्याने स्वतंत्र प्रकरण दिले आहे : तेथील लोकांचा वेष, भाषा, आचार स्वीकारावे, त्यांच्या देवांचा व उत्सवांचा मान राखावा, बंदिवान सोडावे, दीन व रोगी यांस आधार द्यावा. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा सुरुंगांनी बुरूज फोडताना हजारो माणसे गमावली होती. सूड घेण्यास कारण पुरेसे होते. तरीही तह करून पोर्तुगीजांस चीजवस्तूसह मानाने जाऊ दिले.

हे सांगताना आमचे आम्हांसच काही टोचले. आम्ही वर्षानुवर्षे वर्गात वेढे शिकविले : साल अमुक, सेनापती अमुक, जय अमुकाचा. तटाच्या आत दळणकांडण करणाऱ्या बायका, पोरे, म्हातारे यांचे त्या दिवशी काय झाले, हे आम्ही मुलांस कधी विचारले नाही, आणि कोणा मुलानेही आम्हांस विचारले नाही. आमच्या फळ्यावर शहर पडले की धडा संपत असे.

नातवाने शहर ठेवले. त्यावर एक अधिकारी नेमला, आत एक पथक बसविले. तरी दहा-बारा पाळ्या त्यास त्या शहराची काळजी वाहावी लागली, आणि मधून मधून तो आमच्याकडे रागाने पाहत होता. तो राग आम्ही आनंदाने सोसला.

वडील मंडळींस आमची विनंती एवढीच की, मुलांचा खेळ बंद करण्यापूर्वी एकदा शेजारी खुर्ची ओढून बसावे. शहर कसे घ्यावे हे पोरे आपल्याआधी शिकतील. घेतलेल्या शहराचे काय करावे, हा प्रश्न पडद्यावर उमटेल तेव्हा मात्र घरचे कोणी जवळ असावे.