रुळावरचा केसाएवढा तडा लेझर कसा पकडतो?

दौंड-मनमाड रेल्वेमार्गाचा मोठा भाग अहिल्यानगर जिल्ह्यातून जातो. कर्नाटक एक्स्प्रेस, झेलम एक्स्प्रेस, मालगाड्या, मनमाडहून शिर्डीला जाणारे भाविक, सगळ्यांचा भार याच रुळांवर. जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्यातल्या काही रात्री १० अंशांखाली उतरतो. हा फरक रुळांची परीक्षा पाहतो.

रूळ तडकतो कसा?

आता रूळ लांबच्या लांब वेल्ड केलेले असतात. थंडीत लोखंड आकुंचन पावू पाहतं, पण स्लीपर आणि खडी त्याला जखडून ठेवतात. त्यामुळे रुळात प्रचंड ताण येतो. चाकांच्या दाबाने रुळाच्या माथ्यावर आधीच बारीक तडे पडलेले असतील, तर अशा ताणात रूळ तुटू शकतो. म्हणूनच थंडीत रात्रीची खास गस्त असते.

धोका किती मोठा? २६ नोव्हेंबर १९९८ ला पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळामुळे एका गाडीचे डबे घसरले. समोरून आलेली दुसरी गाडी त्यांवर आदळली. २१२ जणांचा जीव गेला.

आज तपासणी कशी होते?

कीमन रोज आपल्या हद्दीत पायी फिरून रूळ पाहतो. शिवाय ठरावीक काळाने यूएसएफडी, म्हणजे अल्ट्रासोनिक यंत्राने तपासणी होते. ट्रॉलीवरचे प्रोब रुळाला टेकवून, मध्ये पाणी सोडून, ध्वनिलहरी आत पाठवल्या जातात. आत दोष असेल तर प्रतिध्वनी येतो. याचा फायदा झालाच आहे: सरकारी आकड्यांनुसार २०१३-१४ मध्ये रूळ तुटण्याच्या २,५४८ घटना होत्या, २०२४-२५ मध्ये २८९.

पण एक अडचण उरते. प्रोब वरून खाली 'पाहतो', त्यामुळे अगदी पृष्ठभागालगतचे तडे त्याला नीट दिसत नाहीत. उलट हे तडे लहरी अडवतात आणि खालचा मोठा दोष झाकला जातो.

लेझर काय वेगळं करतो?

लेझरचा अतिशय छोटा झोत रुळावर पडतो. तेवढी जागा क्षणात तापून प्रसरण पावते आणि त्या धक्क्याने ध्वनिलहरी उठतात. त्यातल्या काही पृष्ठभागालगतच, सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगाने धावतात. वाटेत तडा आला की लहरीचा काही भाग मागे फिरतो, पुढे जाणारी लहर क्षीण होते. थोड्या अंतरावरचा दुसरा लेझर किंवा हवेतून ऐकणारा सेन्सर हा बदल टिपतो.

सेकंदाला १० लाख कंपनांची लहर साधारण ३ मिलिमीटर खोलवर पोहोचते. कंपनं कमी, तर खोली जास्त. त्यामुळे कोणती लहर किती अडली यावरून तड्याच्या खोलीचा अंदाज येतो. रुळाला स्पर्श नाही, पाणी नाही.

मर्यादाही आहेत. यंत्र महाग, गाडीची थरथर आणि धूळ मोजणी बिघडवतात, आणि शक्तिशाली लेझरपासून डोळे जपावे लागतात. अमेरिकेत यावर बरंच संशोधन झालं आहे. भारतात नियमित तपासणीचा आधार आजही यूएसएफडीच आहे.

तडा सापडला, मग पुढे?

खरा प्रश्न इथे आहे. १७ ऑक्टोबर २००० ला ब्रिटनमध्ये हॅटफिल्ड इथे तडे गेलेला रूळ गाडीखाली फुटला आणि ४ जण दगावले. तिथले तडे आधीच माहीत होते. बदलीचा रूळही शेजारी आणून ठेवला होता. बसवला मात्र गेला नव्हता.

रूळ बदलायला 'ब्लॉक' लागतो, म्हणजे काही तास वाहतूक बंद. एकेरी मार्गावर ब्लॉक घेतला की दोन्ही दिशांच्या गाड्या थांबतात. दौंड-मनमाड मार्गाचं दुहेरीकरण म्हणूनच सुरक्षेसाठीही महत्त्वाचं आहे. एका मार्गावर दुरुस्ती चालू असताना दुसऱ्यावरून गाड्या सोडता येतात. लेझर तडा लवकर दाखवेल, पण तो रूळ बदलायला वेळ आणि माणसं वेळापत्रकातच राखून ठेवावी लागतील.