शेपटी सांगते तब्येतीची गोष्ट

कुत्र्याचे काही दुखले तर तो कण्हतो, मांजर जेवण सोडून कोपरा धरते. लेपर्ड गेको मात्र तक्रार करत नाही. रानात जो दुबळा दिसतो तो आधी शिकार होतो, म्हणून दुखणे लपवणे या पालीच्या अंगातच मुरलेले असते. तो आजारी आहे हे सहज दिसू लागते, तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. तुमच्या मुलांनी हौसेने गेको पाळला असेल, तर त्याच्या खाणाखुणा तुम्हालाच शिकून घ्याव्या लागतील.

शेपटी आणि वजन

गेको चरबी शेपटीत साठवतो. शेपटी गुबगुबीत असेल तर तब्येत ठीक समजा. ती बारीक होत चालली, तर शरीर साठवलेली शिदोरी खात आहे. नुसत्या नजरेवर मात्र विसंबू नका, कारण रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल जाणवत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून दर आठवड्याला वजन घ्या आणि वहीत लिहा. ६० ग्रॅमचा गेको ५४ ग्रॅमवर आला, तर फक्त ६ ग्रॅम कमी झाले असे म्हणू नका. त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला आहे. अशा वेळी डॉक्टर गाठा.

आधी थर्मामीटर पाहा

गेकोने खाणे सोडले की आपण लगेच किडे बदलतो. त्याआधी त्याच्या पेटीचे तापमान बघा. पालीचे शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, आणि उबेशिवाय पोटातले अन्न पचत नाही. पेटीच्या उबदार बाजूची जमीन साधारण ३० ते ३२ अंश आणि दुसरी बाजू २५ अंशांच्या आसपास हवी. दिल्ली-इंदूरच्या थंडीत हीटिंग मॅट बंद पडली, तर गेको सुस्त होणारच. नागपूरच्या मे महिन्यात उलटा धोका असतो, तेव्हा पेटी थंड खोलीत हलवा. थंड पडलेल्या गेकोला बळेच भरवू नका.

कात टाकण्याआधी तो पांढुरका दिसतो, एखाद-दोन दिवस खात नाही आणि निघालेली कात स्वतःच खाऊन टाकतो. हे सगळे नेहमीचे आहे.

घरी काय करता येईल?

बोटांवर कात अडकून राहिली, तर ती सुकून आवळते, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळून पडते. उथळ ताटलीत कोमट पाणी घ्या, त्यात गेकोला दहा-पंधरा मिनिटे उभे राहू द्या आणि ओल्या कापसाच्या काडीने कात हलकेच सोडवा. ओढू नका. पेटीत ओलसर टिश्यू ठेवलेली एक छोटी डबी कायम असू द्या. घरी करायचे उपाय एवढेच.

डॉक्टरांकडे कधी?

पाय वाकडे होणे, जबडा मऊ लागणे, अंग थरथरणे ही हाडे ठिसूळ झाल्याची खूण आहे. कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्व कमी पडल्याने असे होते. उपचारांनी आजार थांबतो, पण वाकलेले हाड पुन्हा पूर्ण सरळ होईलच असे नाही. म्हणून किड्यांना कॅल्शियमची पूड लावायचा कंटाळा करू नका.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातून बुडबुडे येणे, डोळे न उघडणे, पोट फुगून शी न होणे, सतत पातळ शी होणे यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. पेटीत वाळू घातली असेल, तर ती पोटात अडकलेली असू शकते. वाळूऐवजी साधा टिश्यू पेपर अंथरा.

जाताना छोट्या डबीत ताजी शी, वजनाची वही आणि पेटीचा फोटो न्या. शी तपासल्यावर जंत कळतात. नेहमीचे डॉक्टर पाली तपासत नसतील, तर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. माणसांची किंवा कुत्र्यांची औषधे अंदाजाने देऊ नका. ६० ग्रॅमच्या जिवाला एक थेंबही जास्त होऊ शकतो.

घरात दुसरा गेको असेल तर आजारी गेकोला लगेच वेगळे ठेवा. नवा आणलेला गेकोही किमान दोन महिने वेगळा असू द्या.

हात धुवा

धडधाकट दिसणाऱ्या पालीच्या शीतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. गेकोला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, त्याची भांडी स्वयंपाकाच्या मोरीत घासू नका आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात गेको देऊ नका.

आज रात्री एक काम करा. किडे घालण्याआधी गेकोला काट्यावर ठेवा आणि आकडा लिहा. पुढच्या रविवारी त्याच आकड्याशी तुलना करता येईल.