परके कोण?

बाहेरून आलेल्याने येथील भाषा व चालीरीती उचलल्या की तो आमचाच, असे धरमपेठेतील सुशिक्षित मंडळी मोठ्या औदार्याने सांगतात. हे औदार्य आम्हांस खोटे वाटते. १९७२ साली गोठणगावजवळ, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. तेथे जन्मलेला तरुण अस्खलित मराठी बोलला, तरी त्यास 'चिनी' हीच हाक ऐकावी लागते. चिनी सत्तेपायीच त्याचे आजोबा देशोधडीस लागले, हे कोण ध्यानात घेतो! उलट एखादा गोरा युरोपीय मराठीचे दोन शब्द अडखळत बोलला की आम्ही गहिवरतो. म्हणजे परीक्षा भाषेची नव्हेच, वंशाची, नाकाडोळ्यांची. आणि बख्त बुलंद शहा या गोंड राजाने वसविलेल्या नागपुरात भोसल्यांमागून आलेले आमचे पूर्वज गोंडी किती शिकले?