बी.एड.चे दुसरे वर्ष शाळेला द्या : मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. प्रादेशिक संचालक, पश्चिम विभागीय समिती, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद (एनसीटीई)

विषय : बी.एड.ची शालेय आंतरवासिता, पात्रता परीक्षा आणि नवशिक्षकाची पहिली नेमणूक यांबाबत.

महोदय / महोदया,

आम्ही राज्यातले बी.एड. करणारे छात्राध्यापक, शिक्षण सेवक म्हणून नुकतेच लागलेले शिक्षक आणि पदवी हातात घेऊन भरतीची वाट पाहणारे उमेदवार आहोत. हे पत्र तीन ठिकाणी एकाच वेळी देत आहोत, ते मुद्दाम. आमचे महाविद्यालय उच्च शिक्षण विभागाकडे, आम्ही सराव करतो ती शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि महाविद्यालयाची मान्यता एनसीटीईकडे. त्यामुळे आंतरवासितेची तक्रार घेऊन कुठेही गेले तरी ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर ठरलेले. तिघांनी एका टेबलाभोवती बसावे, ही पहिली विनंती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शिक्षक होऊ पाहणारा पदवीधर आधी प्रवेशासाठी सीईटी देतो, मग दोन वर्षांचे बी.एड. करतो. सहावी ते आठवीला शिकवायचे असेल तर शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होतो आणि शासनाच्या ‘पवित्र’ या शिक्षकभरती पोर्टलवरून नेमणूक हवी असेल तर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी (टेट) देतो. या चारही पायऱ्यांवर त्याने काय पाठ केले, किती वेगाने पर्याय निवडले हे तपासले जाते. त्याला वर्गात शिकवता येते का, या प्रश्नावर मात्र कुठेच काही अडत नाही. दुचाकीचा परवाना देतानाही आरटीओ गाडी चालवून दाखवायला लावते. चाळीस मुलांचा वर्ग हाती देताना एवढी तरी खातरजमा व्हावी.

पार्श्वभूमी

पूर्वी बी.एड. एका वर्षाचे होते. शिक्षक-प्रशिक्षण संस्थांचा दर्जा तपासण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला, तो महाराष्ट्रातल्याच डी.टी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून. आयोगाचा अहवाल २०१२ साली आला. प्रशिक्षणाचा कालावधी वाढवावा, अशी त्याची शिफारस होती. पुढे एनसीटीईचे २०१४चे विनियम आले आणि २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. वाढलेले वर्ष शाळेसाठी होते. विनियमांत शाळा आणि समाजाशी संबंधित कामासाठी किमान २० आठवडे ठेवले आहेत : पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी सलग शालेय आंतरवासितेचे १६. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती पुरते, आंतरवासितेला ९० टक्के लागते. म्हणजे नियम करणाऱ्यांना या कामाचे वजन ठाऊक होते.

आम्ही दोन वर्षांचे शुल्क भरले, दोन वर्षांची कमाई सोडली. शाळेसाठी म्हणून घेतलेल्या वर्षाचे पुढे काय होते, ते आमच्या सदस्यांच्या अनुभवावरून सांगतो.

सोळा आठवड्यांसाठी दहा-बारा छात्राध्यापक एका शाळेत पाठवले जातात. शाळेला आधी पत्र गेलेले असते, पण कोणत्या शिक्षकाने कोणाला मार्गदर्शन करायचे हे कोणी ठरवलेले नसते. पर्यवेक्षक रजेवरच्या शिक्षकांची यादी पाहून आम्हाला ऑफ तासांवर पाठवतात. सातवीच्या वर्गात विज्ञानाचा ऑफ तास मराठीची छात्राध्यापिका घेते. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटे वर्ग शांत करण्यात जातात. उरलेल्या वेळात पाठ टाचणाचे पाचही टप्पे उरकायचे असतात, कारण वहीत ‘शिक्षक कृती’, ‘विद्यार्थी कृती’, ‘फलकलेखन’ हे रकाने भरलेले दिसले पाहिजेत. पाठ निरीक्षक आलेच, तर शेवटच्या बाकावर बसून ‘आवाज स्पष्ट. फलकलेखन सुधारावे’ असा शेरा लिहून पुढच्या वर्गात जातात. मागच्या बाकावरच्या तीन मुलांना अपूर्णांकच समजलेले नाहीत, हे त्या वहीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. सत्र संपताना मागच्या बॅचच्या वह्या हातोहात फिरतात आणि प्रात्यक्षिक कार्य पूर्ण होते.

याहून वाईट प्रकारही चालतो. काही महाविद्यालयांत जादा रक्कम भरली की वर्षभर न येताही हजेरी पूर्ण भरते. अशा पदवीची किंमत बाजारात घसरते, तेव्हा रोज एसटीने ये-जा करून प्रामाणिकपणे बी.एड. करणाऱ्याची पदवीही तिच्याबरोबर घसरते. म्हणून या गैरप्रकाराविरुद्धची तक्रार आम्ही विद्यार्थीच करत आहोत.

मागण्या

१. आंतरवासितेसाठी शाळा आणि महाविद्यालय यांच्यात लेखी करार सक्तीचा करा. दोन्ही विभागांनी संयुक्त शासन निर्णय काढावा. प्रत्येक छात्राध्यापकामागे त्याच विषयाचा एक मार्गदर्शक शिक्षक नावानिशी नेमावा आणि एका मार्गदर्शकाकडे दोनपेक्षा अधिक जण देऊ नयेत. मार्गदर्शकाच्या आठवड्याच्या तासिका कमी कराव्यात. आमचे पाठ पाहणे हे त्याचे काम मानले गेले नाही, तर शाळाबाह्य कामांच्या यादीत आणखी एका कामाची भर पडेल आणि तो आम्हाला टाळेल. त्यात त्याची चूक नसेल. छात्राध्यापकाला ऑफ तास भरण्यासाठी वापरू नये, हे करारात स्पष्ट लिहावे.

२. आंतरवासितेत विद्यावेतन द्या. एमबीबीएसची आंतरवासिता करणाऱ्यांना विद्यावेतन मिळते. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत याच राज्याने बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दिले. या योजनेतले प्रशिक्षणार्थी शाळांमध्येही नेमले गेले. म्हणजे एकाच शाळेत कामाचा अनुभव घेणाऱ्या एका पदवीधराला शासनाने १०,००० रुपये दिले आणि त्याच शाळेत शिकवणारा बी.एड.चा पदवीधर महाविद्यालयाला शुल्क भरून, स्वतःच्या खिशातून प्रवासखर्च करून येतो. सोळा आठवड्यांचे चार महिने धरले, तर त्याच दराने माणशी ४०,००० रुपये होतात. एकदम सर्वांना देणे जमत नसेल, तर सुरुवात आदिवासी व डोंगराळ भागातल्या जिल्हा परिषद शाळांत आंतरवासिता करणाऱ्यांपासून करावी. तिथे विद्यावेतन आणि राहण्याची सोय नसेल, तर शहरातला छात्राध्यापक घराजवळचीच शाळा निवडणार.

३. अंतिम पाठाला निर्णायक स्थान द्या. आंतरवासितेच्या अखेरीस, ज्या वर्गाला छात्राध्यापकाने सोळा आठवडे शिकवले त्याच वर्गात, दोन पाठ बाहेरच्या दोन परीक्षकांनी पाहावेत. दोघांपैकी एक परीक्षक जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचा, दुसरा अन्य जिल्ह्यातला कार्यरत शिक्षक असावा. पाठाचे चित्रीकरण जपून ठेवावे. या पाठांत उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी मिळू नये. अनुत्तीर्ण झाल्यास आणखी काही आठवडे शाळेत राहून पुन्हा संधी मिळावी.

यावर येणारा आक्षेप आम्हाला माहीत आहे. प्रात्यक्षिकाला वजन दिले की वशिला आणि पैसा शिरतो. संस्थाचालकांच्या मुलाखतीतले ‘डोनेशन’ पाहिल्यावरच राज्याने टेट आणि पवित्र पोर्टल आणले, आणि ते मागच्या दाराने मोडावे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. म्हणूनच महाविद्यालयाचे अंतर्गत गुण भरतीच्या गुणवत्ता यादीत धरा, असे आम्ही म्हणत नाही. हा पाठ पात्रतेपुरता असावा, क्रमवारी टेटच्या गुणांवरच लागावी. शिवाय लेखी परीक्षा आपोआप स्वच्छ असते असेही नाही. २०१९-२० च्या टीईटीत साडेसात हजारांहून अधिक उमेदवार गैरमार्गाने उत्तीर्ण झाल्याचे उघड झाले आणि राज्य परीक्षा परिषदेला त्यांच्यावर कारवाई करावी लागली. गैरप्रकार रोखायचे तर परीक्षेवर पहारा लागतो, मग ती कागदावरची असो वा फळ्यासमोरची.

४. टीईटी दरवर्षी आणि टेट ठरलेल्या वेळी घ्या. टीईटी वर्षातून किमान एकदा व्हावी, असे एनसीटीईच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. राज्यात मात्र नोव्हेंबर २०२१ नंतरची टीईटी थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. टेट पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. २०१८ साली बी.एड. झालेल्या उमेदवाराला पहिली टेट द्यायला पाच वर्षे थांबावे लागले. तोवर कोणी खासगी क्लासमध्ये शिकवत राहिले, कोणी शिक्षकी पेशाच सोडला. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे. त्यामुळे वेळापत्रकाची गरज आता आमच्यापुरती राहिलेली नाही. दोन्ही परीक्षांच्या तारखा शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर व्हाव्यात.

५. टेटमध्ये विषयज्ञान आणा. आज २०० गुणांच्या टेटमध्ये १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० बुद्धिमत्तेला आहेत. गणिताचा, इतिहासाचा आणि संस्कृतचा शिक्षक एकच प्रश्नपत्रिका सोडवतो. नववी-दहावीसाठी टीईटीची अट नाही. त्यामुळे दहावीच्या बीजगणिताचा शिक्षक त्या विषयाच्या एकाही प्रश्नाला सामोरा न जाता निवडला जाऊ शकतो. माध्यमिक व उच्च माध्यमिक गटांसाठी टेटला विषयनिहाय भाग जोडावा.

६. कोणती पदवी कोणत्या इयत्तेसाठी, हे प्रवेशाआधी सांगा. एनसीटीईच्या २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण वेगळे असते, ते डी.एल.एड.च्या उमेदवारांनी घेतलेले असते. हा निर्णय आम्हाला मान्य आहे. पण मधल्या काळात त्या आशेने शुल्क भरलेल्यांची वर्षे कोणी भरून दिली नाहीत. सीईटीच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर पात्रतेचा तक्ता छापावा आणि विषयनिहाय रिक्त पदांची स्थितीही द्यावी.

७. महाविद्यालयांची तपासणी उघडपणे करा. शंभर विद्यार्थ्यांमागे १६ पूर्णवेळ अध्यापक हवेत, असा निकष आहे. प्रत्येक महाविद्यालयाने अध्यापकांची नावे, छायाचित्रे, विषय आणि वेतन बँकेतून दिल्याचा दाखला संकेतस्थळावर ठेवावा. आंतरवासितेच्या शाळांची यादीही तिथेच असावी, म्हणजे छात्राध्यापक तिथे आले होते का, हे शाळेला विचारता येईल. हजेरी विकणाऱ्या संस्थेची मान्यता काढावी. तिथल्या प्रामाणिक विद्यार्थ्यांना शेजारच्या महाविद्यालयात सामावून घ्यावे. प्रवेशफेऱ्या दिवाळीपर्यंत रेंगाळू देऊ नयेत. उशिरा सुरू झालेल्या वर्षातून दिवस कापायची वेळ आली, की कात्री पहिल्यांदा शाळेच्या दिवसांवरच चालते.

८. शिक्षण सेवकाचे पहिले वर्ष शिकण्याचे वर्ष करा. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. आधीच्या मानधनापेक्षा ही मोठी वाढ होती आणि आम्ही तिचे स्वागतच केले. पण या काळात नवशिक्षकाचा वर्ग पाहायला, त्याला चार गोष्टी सांगायला कोणी येत नाही. उलट नवा म्हणून ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणे त्याच्याच गळ्यात पडतात. पहिल्या वर्षी त्याला अशैक्षणिक कामांतून सूट द्यावी, केंद्रातला एक अनुभवी शिक्षक मार्गदर्शक म्हणून द्यावा आणि प्रत्येक सत्रात दोनदा त्याच्या वर्गाचे निरीक्षण व्हावे. हे निरीक्षण दोष शोधण्यासाठी नसावे. त्याची प्रत सेवापुस्तकाला जोडू नये.

बदलत्या अभ्यासक्रमाबाबत

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी होणार आहे. पदव्युत्तर आणि चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाचे बी.एड. आणण्याचा प्रस्ताव एनसीटीईच्या २०२५ च्या मसुद्यात आहे. अभ्यासक्रम लहान होण्याला आमचा विरोध नाही. कर्ज काढून शिकणाऱ्याला एक वर्ष वाचणे मोलाचे आहे. आमची अट एकच : अभ्यासक्रम एका वर्षाचा असो वा चार, शाळेतले २० आठवडे कमी होता कामा नयेत. कालावधी कमी करायचाच असेल, तर तासिकांमधून आणि जर्नलमधून करावा.

आमची बांधिलकी

मागण्या करताना आमच्याकडूनही काही कबूल करतो. आंतरवासितेतली ९० टक्के उपस्थिती आम्हाला मान्य आहे, त्यात सूट नको. अंतिम पाठात अनुत्तीर्ण होण्याची शक्यताही मान्य आहे. विद्यावेतन घेऊन मधेच आंतरवासिता सोडणाऱ्याकडून ते वसूल करावे. हजेरी विकत घेणारा आमचा सदस्य आढळला, तर त्याच्या बाजूने संघटना उभी राहणार नाही.

मागणी क्रमांक ४, ६ आणि ७ यांना फारसा पैसा लागत नाही, इच्छाशक्ती लागते. त्यांचे आदेश याच शैक्षणिक वर्षात निघावेत. मागणी १, ३ आणि ८ साठी दोन्ही विभागांची संयुक्त समिती नेमावी, तिच्यात छात्राध्यापकांना आणि आम्हाला वर्गात उभे करणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना प्रतिनिधित्व द्यावे. विद्यावेतनाची तरतूद येत्या अर्थसंकल्पात व्हावी. टेटमधला बदल पुढच्या टेटची अधिसूचना निघण्यापूर्वी व्हावा, नंतर नको. परीक्षेच्या तोंडावर नियम बदलण्याचा फटका आम्ही आधीच पुरेसा सोसला आहे.

पुढील सीईटीची माहितीपुस्तिका निघण्याआधी तिन्ही कार्यालयांच्या प्रतिनिधींसह आम्हाला चर्चेसाठी वेळ द्यावी. तोपर्यंत उत्तर आले नाही, तर प्रत्येक जिल्ह्यातले छात्राध्यापक आपल्या आंतरवासितेचा तपशील, म्हणजे किती पाठ घेतले, त्यांतले किती कोणी पाहिले आणि किती ऑफ तास भरले, हे लेखी नोंदवून शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात सादर करतील आणि पोच घेतील. आंदोलनाची भाषा आम्ही त्यानंतरच करू.

आपले,
राज्यातील बी.एड. छात्राध्यापक व नवशिक्षकांच्या संघटनेचे पदाधिकारी आणि सदस्य